शब्दचर्चा: ‘निचिजोउ’ला मराठीत काय म्हणाल?

खोडरबर

मुलीबरोबर ‘के-ऑन!’ बघत होतो. सासूबाई हात पुसत बाहेर आल्या.
“काय चाललंय यात?”
“शाळेतल्या मुली आहेत. त्यांचा वाद्यांचा क्लब आहे.”
“मग वाजवत का नाहीत?”
“चहा पितायत.”
दहा मिनिटांनी परत आल्या. “आता?”
“आता केक खातायत.”

तर प्रश्न असा. हायस्कूलच्या मुलामुलींचं असं काहीच न घडणारं विनोदी अ‍ॅनिमे (जपानी अ‍ॅनिमेशन), याला इंग्रजीत ‘स्लाइस ऑफ लाइफ’ म्हणतात. त्याचं ‘जीवनाचा तुकडा’ केलं की फ्रेममागे लावलेला आरशाचा तुकडा डोळ्यांपुढे येतो. जपानीत याला ‘निचिजोउ-केइ’ म्हणतात. केइ म्हणजे घराणं, परंपरा, वळण असं काहीसं. अडतंय ते निचिजोउपाशी. सुचवा.

पावशेर

‘रोजचंच’.

गंमत सोडा, पण मराठीची पंचाईत बघा. रोजच्या गोष्टीसाठी आपल्याकडे शब्द भरपूर, आणि सगळे कण्हणारे. रहाटगाडगं, रामरगाडा, रोज मरे त्याला कोण रडे. नळाला पाणी नाही, रोजचंच. लोकल लेट, रोजचंच. कौतुकानं ‘रोजचंच’ म्हणणारा माणूस मी तरी पाहिलेला नाही. ‘दैनंदिन’ त्यातल्या त्यात सोज्वळ, पण त्याला फुकट मिळालेल्या डायरीचा वास येतो.

कानामात्रा

जपानीच्या क्लासमध्ये हा शब्द भेटला तेव्हा मी अडखळले होते, म्हणून जरा सविस्तर लिहिते. निचिजोउमध्ये दोन कांजी, म्हणजे जपानीत वापरली जाणारी चिनी अक्षरं, आहेत. ‘निचि’ म्हणजे दिवस, सूर्य. ‘जोउ’ म्हणजे कायमचं, नेहमीचं. आता हे ‘जोउ’ आणखी कुठे येतं? ‘मुजोउ’मध्ये. बौद्ध ग्रंथ संस्कृतातून चिनीत गेले तेव्हा ‘अनित्य’साठी जी जोडी वापरली गेली, तिचा जपानी उच्चार मुजोउ. ‘हेइके मोनोगातारी’ या जुन्या युद्धकथेच्या पहिल्याच ओळीत गिओन विहाराच्या घंटेच्या नादाबरोबर हा शब्द येतो. म्हणजे जोउ म्हणजे आपलं ‘नित्य’. निचिजोउ आणि मुजोउ एकाच अक्षराची लेकरं.

आणि मला वाटतं या मालिकांची गोडी नेमकी इथेच आहे. जपानी हायस्कूल ३ वर्षांचं. एप्रिलमध्ये वर्ष सुरू होतं, मार्चमध्ये संपतं. मुली वर्गात बसून वायफळ बडबड करतात ती ‘हे असंच चालणार’ अशा थाटात, पण बघणाऱ्याला शेवटची तारीख ठाऊक असते. ‘अझुमांगा दाइओ’ ही चार चौकटींची चित्रमालिका १९९९ ते २००२ मासिकात चालली आणि तिच्यातल्या मुलीही साधारण तेवढ्याच काळात शाळा संपवून बाहेर पडल्या. वाचकही तेवढाच मोठा झाला.

याउलट ‘साझाए-सान’. १९६९पासून रविवारी संध्याकाळी टीव्हीवर आहे आणि त्यात कुणाचं वय वाढत नाही. तेही रोजचंच, पण तिथे घशात काही दाटत नाही.

पावशेर

म्हणजे ‘नित्य’? नको हो, लगेच सोवळं नेसून पूजेला बसल्यासारखं वाटतं. नित्यनेम, नित्यपाठ. ‘नित्याचं’ मात्र चालेल. त्या ‘-चं’नं शब्द देवघरातून ओट्यापाशी येतो.

ढापण्या

गोडी वगैरे ठीक, पण हसू कशाचं येतं ते कुणीच बोलेना. ‘लकी स्टार’चा (२००७) पहिलाच भाग घ्या. शंकूच्या आकाराचा चॉकलेट भरलेला पाव. त्याचं डोकं कुठलं, जाड बाजू की निमुळती? जाड बाजूनं खाल्लं तर काय, निमुळत्या बाजूनं खाल्लं तर चॉकलेट कुठून गळतं? मिनिटामागून मिनिटं हेच. दुसरा कुणी दिग्दर्शक असता तर एव्हाना पात्रांची ओळख, मागचा इतिहास, खलनायक सगळं उरकून मोकळा झाला असता.

‘निचिजोउ’ याच नावाची एक मालिका २०११ची, तीही ‘के-ऑन!’ आणि ‘लकी स्टार’ काढणाऱ्या क्योतो अ‍ॅनिमेशन स्टुडिओचीच. तिच्यात मुख्याध्यापक शाळेच्या आवारात हरणाशी कुस्ती खेळतात. डब्यातलं सॉसेज खाली पडतं, तर ते झेलायची धडपड महायुद्धाच्या थाटात रंगवलीय. यात ‘नित्याचं’ कुठे आहे?

कानामात्रा

आहे ना. डब्यातला शेवटचा आवडता घास खाली पडणं याहून नित्याचं काय? तो पडताना पोटात होतं तेवढंच त्यांनी मोठं करून काढलंय. आठवीत मधल्या सुट्टीत माझी साबुदाण्याची खिचडी डब्यासकट उपडी झाली होती. ती अजून संथ गतीनंच आठवते.

ढापण्या

मान्य. अवांतर: यातल्या विनोदाचे ‘बोके’ आणि ‘त्सुक्कोमि’ हे शब्द मान्झाइ या जपानी रंगमंचीय विनोदातून आलेत. एक बावळट बोलणार, दुसरा तिथल्या तिथे टोकणार. आपल्या तमाशातल्या बतावणीत सोंगाड्या आणि त्याला दटावणारा असतो, तसंच. बोकेला ‘सोंगाड्या’ म्हणता येईल, फक्त इथे त्याला आपण सोंगाड्या आहोत याचा पत्ता नसतो. (आणि नाही, मांजराशी संबंध नाही.)

पावशेर

‘इयाशि-केइ’ पण या गर्दीत येतं ना? युरु कॅम्पसारखं, फुजीसानच्या पायथ्याशी मुली तंबू ठोकून शेवया उकळतात ते. त्याला ‘विरंगुळा’ म्हणावं का?

कानामात्रा

विरंगुळ्यात मन दुसरीकडे वळवणं आहे. इयाशि म्हणजे दुखणं हलकं होणं, जिवाला बरं वाटणं. ‘उतारा’ म्हटलं तर लिंबू-मिरची आठवते, नाहीतर तोच. ‘दिलासा’ जवळचा वाटतो.

खोडरबर

तूर्त ‘नित्याचं घराणं’ लिहून ठेवतो.

काल रात्री ‘के-ऑन!’च्या दुसऱ्या पर्वातला (२०१०) मुख्य कथेचा शेवटचा भाग झाला. चौघी वरच्या वर्गातल्या, त्यांची शाळा संपते. पाचवी, अझुसा, एक वर्ष मागे, ती एकटी उरणार. ती रडत रडत म्हणते, शाळा संपवू नका ना. चौघी तिच्यासाठी एक गाणं वाजवतात. सासूबाई कधी येऊन सोफ्याच्या कडेला टेकल्या होत्या कळलंच नाही.

“ती केसांना रंग लावलेली चहा करायची, तीपण चालली का?”
“हो. मुगी.”
“मग आता या पोरीला चहा कोण करून देणार?”