गंज काढण्याआधी नळी तपासावी

माळ्यावर सापडलेली ठासणीची बंदूक (नळीच्या तोंडातून दारू-गोळी ठासून भरायची जुनी बंदूक) गंज काढण्यासाठी चिंचेच्या पाण्यात बुडवून पॉलिशपेपरने घासावी, असा सल्ला या चर्चेत एकाने दिला आहे; तो मला मान्य नाही. अशा घासण्याने चापाजवळच्या लोखंडी पट्टीवरील खुणा कायमच्या जातात आणि बंदुकीची ओळख बहुधा त्यांवरूनच पटते. ईस्ट इंडिया कंपनीच्या बंदुकांवर आधी हृदयाच्या आकाराचा शिक्का असे, एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी त्याच्या जागी सिंह आला. हलके तेल लावून मुरू द्यावे, इतकेच पुरे.

त्याहून गंभीर गोष्ट इथे कोणी मांडलेली नाही. धरणगावला आमच्या काकांकडे अशीच बंदूक निघाली, तेव्हा नळीचे तोंड माणसांपासून दूर ठेवून आत हलकेच लाकडी काठी सोडली आणि तिची लांबी बाहेरून ताडून पाहिली. ठिणगी आत जाण्याच्या छिद्राच्या चार बोटे अलीकडेच काठी अडली होती, म्हणजे आत दारू-गोळीचा बार भरलेलाच असण्याची शक्यता होती. काळी दारू कोरडी राहिली तर कित्येक दशकांनंतरही पेटते, म्हणून काकांनी बंदूक तशीच ठेवून पोलीस ठाण्यात कळवले. शिवाय शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ४५ मधील सूट, दुरुस्ती करूनही जे चालू शकणार नाही अशाच जुन्या शस्त्राला आहे. तेव्हा ते चालू स्थितीत आणण्याचा विचार कृपया मनातून काढावा.