पात्र रडतं, वाचक कोरडाच

‘पात्र ढसाढसा रडतं, तरी वाचकाला काहीच का वाटत नाही?’ हा प्रश्न कथा लिहिताना पडतो. बहुतेक वेळा गडबड त्या प्रसंगात नसते, आधीच्या दोन-तीन पानांत असते. पात्राला काय हवंय आणि ते हुकलं तर त्याचं काय जाणार, हे वाचकाला आधी कळलेलं नसेल तर रडणं कितीही रंगवा, उपयोग नाही.

दुसरं, ‘सांगू नका, दाखवा’ (म्हणजे भावनेचं नाव न घेता ती कृतीतून जाणवू द्या) म्हटलं की अनेकजण छातीतली धडधड, घशातला आवंढा, ओले डोळे यांवर येऊन थांबतात. या खुणा वापरून वापरून गुळगुळीत झाल्यात. त्यापेक्षा पात्राचं लक्ष कुठे जातं ते लिहा. वडील गेल्याचं फोनवर ऐकणारी मुलगी समोरच्या कॅलेंडरवरची तारीख पुन्हा पुन्हा वाचते, “बरं, बरं” म्हणते, आणि फोन ठेवल्यावर घडी घातलेला टॉवेल उलगडून परत घडी घालते. इथे ‘तिला जबर धक्का बसला’ हे वाक्य जोडलंत की संपलं. वाचकाने स्वतः ओळखायचं ते तुम्ही आधीच सांगून टाकलंत.

क्रमही सांभाळा: आधी घटना, मग शरीराची नकळत हालचाल, मग विचार, मग बोलणं. ‘तो दचकला, कारण दार आपटलं’ असं उलटं लिहिलं तर वाचक त्याच्याबरोबर दचकत नाही.

मात्र सगळंच दाखवत बसू नका. चार महिने उदासीत गेले असतील तर एका वाक्यात सरळ सांगा. पहिल्या खर्ड्यात भावनांची नावं येऊ द्यात. दुसऱ्या फेरीत राग, दुःख, भीती हे शब्द शोधा, ते वाक्य झाकून परिच्छेद वाचा. भावना तरीही पोचत असेल तर वाक्य काढून टाका.