मदत हवी आहे: स्विच २ की स्टीम डेक? शुक्रवारपर्यंत कळवायचे आहे

लोहमार्ग
नमस्कार. माझा धाकटा भाऊ रविवारी भारतात येत आहे आणि येताना एक हँडहेल्ड कन्सोल आणायला तयार आहे. निन्टेन्डोचा स्विच २ मागवावा की व्हॉल्व्हचा स्टीम डेक ओएलईडी, एवढेच मला ठरवायचे आहे. दोन्हींची परीक्षणे वाचून झाली आहेत, त्यामुळे ती पुन्हा येथे देऊ नयेत ही विनंती. ज्यांनी प्रत्यक्ष वापरले आहेत त्यांनी कोणता घ्यावा ते सांगावे. शुक्रवारी रात्रीपर्यंत भावाला कळवायचे आहे.

सांजवेळ
कोण खेळणार, कोठे खेळणार आणि कोणते गेम खेळणार, यांपैकी काहीच आपण लिहिलेले नाही. या तीन गोष्टी कळल्याशिवाय दिलेले उत्तर केवळ देणाऱ्याची आवड ठरेल.

डोंगरवाट
स्टीम डेक ओएलईडी घ्या, दुसरा विचार करू नका. ७.४ इंची ओएलईडी पडदा आहे, बॅटरी ५० वॉट-तासांची आहे, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे स्टीम या व्हॉल्व्हच्या ऑनलाइन दुकानात गेमच्या किंमती रुपयांत असतात आणि उन्हाळी व हिवाळी सेलमध्ये त्या बऱ्याच खाली येतात. निन्टेन्डोचे ई-शॉप हे ऑनलाइन दुकान भारतासाठी नाही. तेथे दुसऱ्या देशाचे खाते उघडून परकीय चलनात गेम घ्यावा लागतो, आणि निन्टेन्डोचे स्वतःचे गेम क्वचितच स्वस्त होतात. यंत्राची किंमत एकदाच भरायची असते, गेमची मात्र पुढे कित्येक वर्षे भरत राहायची असते, हे विसरू नका.

खिडकीजवळ
या दोन्हींपेक्षा आसूसचा आरओजी अ‍ॅलाय घेणे शहाणपणाचे आहे. तो जुलै २०२३ पासून भारतात अधिकृतपणे विकला जातो, म्हणजे पावती, हमी आणि दुरुस्ती येथेच मिळते. त्यात विंडोज असल्यामुळे ईएचा फुटबॉल, व्हॅलोरंट, फोर्टनाइट असे जे गेम लबाडी रोखणाऱ्या अँटी-चीट प्रणालीमुळे स्टीम डेकच्या लिनक्सवर चालत नाहीत, तेही चालतात.

डोंगरवाट
अ‍ॅलायबद्दल प्रश्नच विचारलेला नाही. शिवाय पहिल्या अ‍ॅलायची बॅटरी ४० वॉट-तासांची आहे; ८० ची हवी असेल तर अ‍ॅलाय एक्स घ्यावा लागतो आणि खर्च बराच वाढतो. स्टीम डेकचे बटण दाबले की गेम जेथे असेल तेथे थांबतो आणि पुन्हा दाबले की तेथूनच सुरू होतो. प्रवासात खेळणाऱ्याला ही सोय फार मोलाची वाटते, आणि विंडोजवर तिचा तितका भरवसा देता येत नाही.

खिडकीजवळ
हमीविना घेतलेले यंत्र वर्षभरात बंद पडले, तर त्या सोयीचा काय उपयोग? हाताळायच्या वस्तूंच्या कळा आणि जॉयस्टिक झिजतातच.

लोहमार्ग
भारतातून घ्यायचे नाही, भाऊ भेट म्हणून आणतो आहे, म्हणून कृपया अ‍ॅलाय बाजूला ठेवावा. सांजवेळ, आपल्या प्रश्नांची उत्तरे: मी कामासाठी पुणे–मुंबई रेल्वेने जातो, तेव्हा प्रवासात खेळेन. घरी संगणकावर स्टीमचे बरेच गेम आधीपासून आहेत. माझी नऊ वर्षांची मुलगीही खेळेल. सुट्टीत तिचे आतेभाऊ येतात आणि त्यांना टीव्हीवर मारिओ कार्ट हा निन्टेन्डोचा शर्यतीचा गेम खेळायचा असतो. आता तरी कोणता ते सांगा.

सांजवेळ
मुलीचा उल्लेख पहिल्याच ओळीत हवा होता, कारण त्याने उत्तर बदलते. स्विचचे दोन्ही जॉय-कॉन, म्हणजे बाजूंचे छोटे कंट्रोलर, वेगळे काढून दोघांच्या हातांत एकेक देता येतो, वेगळा कंट्रोलर न घेता दोघे टीव्हीसमोर बसू शकतात. मारिओ कार्ट स्टीमवर येत नाही. स्टीम डेक टीव्हीला जोडता येतो, पण टीव्हीशी जोडणारा डॉक आणि कंट्रोलर वेगळे घ्यावे लागतात, आणि नऊ वर्षांच्या मुलीसाठी ६४० ग्रॅमचे रुंद यंत्र तासभर धरणे सुखाचे नाही.

जुना_भिडू
२००४ च्या अखेरीस निन्टेन्डो डीएस आणि सोनीचा पीएसपी आले, तेव्हाही हाच वाद होता. पीएसपीचा पडदा मोठा होता, चित्रे कितीतरी सरस होती, आणि जाणकार त्याच्याच बाजूने बोलत होते. तरीही डीएस १५ कोटींहून अधिक विकला गेला आणि पीएसपी त्याच्या जवळपासही पोहोचला नाही, कारण दोन पडदे, स्पर्शाचा वापर आणि घरातल्या सर्वांना खेळता येतील असे गेम डीएसकडे होते. ताकदीचे आकडे पाहून कन्सोल घेऊ नये, हे माझे ठाम मत आहे.

डोंगरवाट
वीस वर्षांपूर्वीचा विक्रीचा आकडा आज रेल्वेत कामाचा नाही. धागाकर्त्यांकडे स्टीमचे गेम आहेत. ते डेकवर पुन्हा विकत घ्यावे लागत नाहीत, हा मुद्दा कोणीच विचारात घेत नाही. फक्त घाटात नेटवर्क जाते, म्हणून गेम घरी एकदा सुरू करून मग ऑफलाइन मोडमध्ये न्यावेत.

नागोयावासी
भाऊ कोणत्या देशातून येत आहे?

लोहमार्ग
ओसाकाहून. यंत्र तर सगळीकडे सारखेच, त्याने काय फरक पडतो?

नागोयावासी
फार मोठा फरक पडतो. जपानमध्ये स्विच २ दोन प्रकारांत निघाला. दुकानांत मिळतो तो २०२५ मध्ये ४९,९८० येनला निघाला. त्याची भाषा फक्त जपानी असते आणि त्याला फक्त जपान प्रदेशाचे निन्टेन्डो खाते जोडता येते. अनेक भाषांचा प्रकार तेव्हा ६९,९८० येनला निघाला आणि तो केवळ निन्टेन्डोच्या स्वतःच्या ऑनलाइन दुकानात मिळतो. भावाने घाईत दुकानातून स्वस्त वाटला म्हणून उचलला, तर आपल्या मुलीसमोर जपानी मेनू येईल. शिवाय मार्च २०२५ पासून जपानी ई-शॉप परदेशात काढलेली क्रेडिट कार्डे स्वीकारत नाही, म्हणजे तुमचे भारतीय कार्ड तेथे चालणार नाही.

मात्र पहिल्या पिढीच्या स्विचवर ही अट नाही. जपानी दुकानातला स्विच ओएलईडीदेखील इंग्रजीत चालतो आणि त्याला कोणत्याही प्रदेशाचे खाते जोडता येते. मारिओ कार्ट ८ डिलक्स त्यावर आहेच. मारिओ कार्ट वर्ल्ड मात्र फक्त स्विच २ वर मिळतो. स्टीम डेकची भाषा सेटिंगमधून बदलता येते, त्यामुळे तो जपानमधून आणायला भाषेची अडचण नाही.

खिडकीजवळ
आणि यांपैकी काहीही बिघडले, तर दुरुस्तीसाठी पुन्हा जपानलाच पाठवावे लागेल. मी एवढेच म्हणत होतो.

सांजवेळ
जुन्या स्विचमध्ये आणखी एक सोय आहे. त्यात साधे मायक्रोएसडी कार्ड चालते; स्विच २ ला गेमसाठी मायक्रोएसडी एक्सप्रेस हे अधिक वेगवान कार्डच लागते आणि ते महाग पडते. गेम डाउनलोड न करता त्याचे छोटे कार्ड, म्हणजे कार्ट्रिज, घ्या, मन भरले की विकता येते. स्विच २ च्या काही कार्ट्रिजमध्ये तर गेम नसून तो उघडण्याची फक्त डिजिटल चावी असते आणि गेम डाउनलोडच करावा लागतो.

लोहमार्ग
नागोयावासी, आपले मनापासून आभार. भावाने दुकानातला स्वस्त स्विच २ बाजूला काढून ठेवायला सांगितले होते; आत्ताच फोन करून ते थांबवले. स्टीमचे गेम मी संगणकावर खेळू शकतो, मुलीला आणि तिच्या आतेभावांना मात्र दुसरा पर्याय नाही, म्हणून स्विच ओएलईडी आणि मारिओ कार्ट ८ डिलक्सचे कार्ट्रिज आणायला सांगितले आहे. जपानी खोक्यातले कार्ट्रिज इंग्रजीत चालेल ना?

नागोयावासी
चालेल. कन्सोल प्रथम सुरू करताना भाषा इंग्रजी निवडा, तो गेम तीच भाषा उचलतो. इतर गेम घेताना मात्र खोक्याच्या मागे दिलेल्या भाषा पाहाव्यात, कारण काही जपानी कार्ट्रिजमध्ये इंग्रजी नसते. चार्जर १०० ते २४० व्होल्टचा आहे, फक्त जपानी चपट्या पिनसाठी साधा अडॅप्टर लागेल. बॅटरी असल्यामुळे यंत्र हातातल्या सामानात ठेवायला सांगा, आणि पावती जपून आणायला सांगा, विमानतळावर सीमाशुल्क अधिकारी किंमत विचारू शकतात.