इमेलमान, स्प्लिट-एस, शांदेल: ‘कोलांटी’ म्हणावं का?

प्रश्न: लढाऊ विमानांवरच्या मराठी लेखांत हवाई कसरतींचे हे तिन्ही शब्द सरसकट ‘कोलांटी’ होऊन येतात. बरोबर आहे का?

उत्तर: नाही. कोलांटीत डोकं आधी खाली जातं. लूपमध्ये, म्हणजे हवेत उभं वर्तुळ घेताना, वैमानिक स्टिक (नियंत्रणाची दांडी) मागे ओढतो, नाक वर उचललं जातं आणि विमान मागे उलटतं. म्हणायचंच तर ‘उलटी कोलांटी’ म्हणा. रोलसाठी, म्हणजे विमानाने आपल्या लांबीच्या अक्षाभोवती फिरण्यासाठी, मात्र आपल्याकडे आयता शब्द आहे: कूस बदलणे.

आजचा इमेलमान म्हणजे भरपूर वेग घेऊन वरच्या दिशेने अर्धा लूप, आणि माथ्यावर विमान उताणं असताना कूस बदलून सरळ होणं. दिशा उलटी, उंची वाढलेली, वेग घटलेला. सुरुवातीलाच वेग कमी पडला तर माथ्यावर पंखांची उचल संपते आणि रोल घेता घेता विमान स्टॉल होतं, म्हणजे पंखांना ते पेलवत नाही.

नाव माक्स इमेलमान या जर्मन वैमानिकाचं. तो १८ जून १९१६ ला मारला गेला. पण ही कसरत त्याची असेल असं मला वाटत नाही. त्याच्या फोकर आइनडेकर या विमानाला एलेरॉनच (पंखांच्या मागच्या कडेच्या हलत्या पट्ट्या) नव्हते. विमान कलतं करायला तारांनी पंख पिळावे लागत. इंजिन त्याच्या ई-१ या प्रकाराला ८० अश्वशक्तीचं, ई-३ ला १००. एवढ्यावर माथ्याच्या मंद वेगात कूस बदलणं फार कठीण. सूर मारून हल्ला, मग उभी चढण, वेग संपत आला की रडरने (शेपटीवरच्या सुकाणूने) नाक फिरवून पुन्हा सूर, असंच तो करत असावा. त्याला आज स्टॉल टर्न म्हणतात.

पुरवणी: स्प्लिट-एस याच्या उलट. आधी उताणं व्हायचं, मग खालच्या दिशेने अर्धा लूप. इथे उंचीचा हिशेब चुकला की सुधारायला जागा उरत नाही. १४ सप्टेंबर २००३ ला आयडाहोतल्या माउंटन होम तळावर थंडरबर्ड्स या अमेरिकी हवाई दलाच्या कसरत पथकाचं एफ-१६ असंच पडलं. तळाची समुद्रसपाटीपासूनची उंची चुकीची धरली गेली. जमिनीपासून २,५०० फूट हवे होते, विमान १,६७० फुटांवरच उलटलं. जमिनीवर आदळण्याच्या ०.८ सेकंद आधी वैमानिक बाहेर पडला आणि वाचला.

आणि ‘शांदेल’ तर कोलांटी मुळीच नाही! फ्रेंचमध्ये शांदेल म्हणजे मेणबत्ती. मेणबत्तीसारखं ताठ वर चढणं हा मूळ अर्थ. अमेरिकी प्रशिक्षणात तो बदलून ‘चढत घेतलेलं १८० अंशांचं वळण’ असा झाला. पहिल्या ९० अंशांत पंखांचा कल साधारण ३० अंशांवर कायम ठेवून नाक हळूहळू उचलायचं. पुढच्या ९० अंशांत नाक तिथेच धरून कल कमी करत न्यायचा. शेवटी पंख समतल आणि वेग स्टॉलच्या जरासा वर. सुरुवातीचा कल कमी ठेवला तर वळण पुरं होण्याआधीच स्टॉल येतो. जास्त ठेवला तर वळण लवकर संपतं, वेग शिल्लक राहतो आणि उंची हवी तेवढी मिळत नाही. मराठीत मी याला ‘चढतं वळण’ म्हणेन.