कातळावरच्या बादल्यांतले टोमॅटो हिरवेगार असतानाच माना टाकतायत, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

देवगड तालुक्यात सड्यावर आमचं घर आहे. अंगणात कुदळ मारली की चार बोटांवर कातळ लागतो. लग्न होऊन इथे आल्यावर दोन वर्षं बाजारातल्या भाजीवरच काढली. यंदा दिवाळीनंतर मात्र हौसेने सुरुवात केली. रंगाच्या 20 लिटरच्या सहा बादल्या, मासळीवाल्याकडून आणलेले थर्माकोलचे चार खोके आणि खताच्या काही रिकाम्या गोण्या, एवढाच पसारा. याआधी कधी तुळशीपलीकडे काही लावलेलं नाही, तेव्हा अगदी पहिलीतल्या मुलाला सांगाल तसं सांगा.

माती खालच्या मळ्यातून आणली, मागच्या वर्षी जिथे वांगी होती त्या वाफ्यातली. ती काळसर आणि भुसभुशीत दिसली म्हणून. निम्मी माती, पाव हिस्सा जुनं शेणखत आणि पाव हिस्सा नारळाच्या सोडणांचा भुसा. चार बादल्यांत टोमॅटो, दोनांत मिरची आणि खोक्यांत लाल माठ.

टोमॅटो छान वाढले. लिंबाएवढी फळं धरली. मग मागच्या सोमवारी दुपारी एका झाडाचा शेंडा लोंबलेला दिसला. ऊन लागलं असेल म्हणून तांब्याभर पाणी जास्त घातलं. संध्याकाळी शेंडा पुन्हा वर आला, जीव भांड्यात पडला. मंगळवारी दुपारी अर्धं झाड खाली, बुधवारी सकाळी सगळंच. पानं मात्र हिरवीच. पिवळेपणा नाही, डाग नाहीत, पानं उलटून पाहिली तर कीड नाही. शुक्रवारी शेजारच्या बादलीतलं झाड त्याच वाटेने गेलं. उरलेल्या दोन झाडांकडे मी दिवसातून दहा वेळा बघते.

दुसरी अडचण माठाची. पानांच्या कडा भाजल्यासारख्या तपकिरी झाल्यात आणि खोक्यांतल्या मातीवर पांढरी साय धरल्यासारखा थर आलाय. पाणी विहिरीचं आहे. विहीर खाली खाडीच्या बाजूला, तिथून पंपाने वर येतं. माघ लागला की ते मचूळ होतं, पिण्याला आम्ही नळाचं वापरतो.

दोन्ही दुखणी एकच आहेत का? ती माती टाकून द्यावी लागेल का? पाच फेऱ्या मारून डोक्यावरून आणलेली आहे, म्हणून विचारते.

प्रतिसाद (दापोलीहून)

ताई, दोन्ही दुखणी वेगळी आहेत. माठाचं नंतर बघू, आधी टोमॅटो.

मेलेल्या झाडाचा बुंधा जमिनीलगत कापा. त्याचा बोटभर लांब तुकडा घ्या. काचेच्या ग्लासात स्वच्छ पाणी भरून तो तुकडा कापलेलं टोक पाण्यात बुडेल असा वरून धरून ठेवा. हात हलवू नका. पाच मिनिटं टोकाकडे बघत राहा आणि काय दिसतं ते इथे लिहा. कात्री कोणती वापरली तेही सांगा.

प्रतिसाद (मूळ प्रश्नकर्ती)

आत्ताच केलं. ग्लास खिडकीत उजेडासमोर धरला. दोनेक मिनिटं काहीच नाही. मग कापलेल्या टोकातून दुधासारखा एक बारीक धागा सरळ खाली उतरायला लागला, उदबत्तीचा धूर उलटा सोडावा तसा. थोड्या वेळाने दोन धागे झाले आणि तळाचं पाणी गढूळ झालं. बुंधा उभा चिरला तर आतून तपकिरी पट्टा आहे.

कात्री घरातलीच. चारही झाडांचे बगलफुटवे (पान आणि खोडाच्या बेचक्यात फुटणारे कोंब) मी त्याच कात्रीने एका बैठकीत काढले होते.

प्रतिसाद (दापोलीहून)

मग शंका नको. हा जिवाणूजन्य मर रोग आहे. आपल्या आंबट लाल मातीत आणि दमट उष्ण हवेत तो चांगलाच पोसतो. जिवाणू मातीतून मुळांच्या जखमांवाटे आत शिरतात आणि पाणी वर नेणाऱ्या नळ्यांमध्ये चिकट स्राव साठतो. झाडाच्या पायाशी पाणी असूनही ते शेंड्यापर्यंत पोचत नाही, म्हणून पानं हिरवी असतानाच मान पडते. तुम्ही पाहिलेला धागा म्हणजे तोच स्राव. तुमच्या हातून पाणी कमी पडलं म्हणून झाडं गेली असं मुळीच समजू नका.

वांगी, टोमॅटो, मिरची, बटाटा ही एकाच कुळातली. वांग्याच्या जुन्या वाफ्यातली माती म्हणजे रोग आयता घरी आला, कात्रीने तो पुढे पोचवला असणार. लागलेल्या झाडावर औषध नाही, फवारणीत पैसे घालू नका. मेलेली झाडं मुळांसकट काढून जाळा, खतखड्यात टाकू नका. त्या बादल्यांमधून निथळणारं पाणी मिरचीकडे वाहत जात असेल तर आजच बादल्या हलवा. कात्री उकळत्या पाण्यात धरून पुसा.

माती फेकायची गरज नाही, पण त्या मातीत निदान दोन-तीन वर्षं या कुळातलं काही नको. माठ, वाली, मुळा चालतील. चैत्र-वैशाखात ती माती ओली करून कातळावर वीतभर जाडीत पसरा, वर पारदर्शक प्लास्टिक ताणून कडा दगडांनी दाबा आणि चार ते सहा आठवडे तशीच ठेवा. तुमचा कातळ इथे कामाला येईल, तव्यासारखा तापतो. रोग पूर्ण जाईलच असं नाही, जोर मात्र कमी होतो.

पुढच्या वेळी टोमॅटो लावाल तर माती दुसरीकडची घ्या आणि मर रोगाला तोंड देणारी जात निवडा. बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेची अर्का रक्षक त्यासाठीच ओळखली जाते. मिरचीत आमच्या इथल्या कोकण कृषी विद्यापीठाची कोकण कीर्ती आहे, बियाणं विद्यापीठाच्या विक्री केंद्रात विचारा.

प्रतिसाद (वेंगुर्ल्याहून)

माठाबद्दल मी सांगते, कारण मी दोन हंगाम याच चुकीत घालवले. पांढरा थर म्हणजे मीठ. तुमच्याकडे ते तीन वाटांनी येतंय: मचूळ पाणी, मासळीचा खोका आणि न धुतलेला सोडणाचा भुसा. भुशात मीठ असतं हे कोणी सांगत नाही. तो पोत्यात भरून गोड्या पाण्यात रात्रभर बुडवायचा आणि पिळून काढायचा. असं तीनदा. पहिलं पाणी चहासारखं निघतं, तिसरं बऱ्यापैकी फिकं.

खोक्यांना भोकं कुठे आहेत? नुसती तळाला असतील आणि खोका सपाट कातळावर टेकला असेल तर ती बंदच समजा. खाली चिऱ्याचे तुकडे ठेवून खोका चार बोटं उचला. मग नळाचं पाणी खोक्यात जेवढी माती आहे त्याच्या दुप्पट, सावकाश, थांबत थांबत ओता आणि खालून निथळू द्या. मीठ त्याच्याबरोबर जातं. वरचा पांढरा थर आधी खरवडून काढा. नळाचं पाणी कमी असेल तर तांदूळ-भाजी धुतलेलं ठेवा, मीठ घातलेलं नको.

आत्ताचा माठ कापून खा, भाजलेल्या कडा काढून. नवीन बी बारीक मातीत मिसळून पातळ फेका, म्हणजे गिचमीड होत नाही. तीसेक दिवसांत पुन्हा भाजी. त्याला वीतभर खोल माती पुरते.

आणि बादल्या उघड्या कातळावर ठेवू नका. फाल्गुनात मुळं शिजतात. खाली जुनी झावळी किंवा पातेरा, म्हणजे वाळका पाला घाला, पश्चिमेच्या बाजूला झाप (विणलेली झावळी) बांधा. ऊनही अडतं आणि खारा वाराही.

प्रतिसाद (मूळ प्रश्नकर्ती)

दोघांचे मनापासून आभार. भोकं तळालाच होती आणि खोका खरंच सपाट टेकलेला होता. काल चारही खोके चिऱ्यांवर चढवले. पहिलं निथळलेलं पाणी जिभेला लावून पाहिलं, खारट. चौथ्या घागरीनंतरचं नव्हतं.

मेलेली दोन झाडं जाळली. मिरचीच्या बादल्या पडवीच्या दुसऱ्या टोकाला नेल्या, त्यांना आता वेगळा तांब्या आहे. सासूबाईंनी रिकाम्या दोन बादल्यांत वालीचं बी टोचलं.

एक शेवटचं विचारते. पावसात काय लावू? इथे पागोळ्यांखाली बादली ठेवली तर तासात भरते.

प्रतिसाद (वेंगुर्ल्याहून)

पावसाळ्यात टोमॅटोचा नाद सोडा. आपल्याकडे चार महिन्यांत 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, बादलीतली माती धुऊन जाते. वेलभाज्या घ्या: पडवळ, शिराळी, काकडी. बी मे अखेर टोचा म्हणजे पाऊस लागेपर्यंत वेल हातभर होतो. त्यांना 20 लिटरची बादली अपुरी पडते, 40 लिटरचं पिंप बघा. तळाला आणि बाजूंना बोटाएवढी आठ-दहा भोकं पाडा, तळाशी नारळाच्या करवंट्या उपड्या घाला. मांडव आधीच घालून ठेवा. अळू मात्र जुन्या टपात कुठेही येईल, पागोळ्यांखालीसुद्धा.