रंगकामातलं घाण थिनर, चिंध्या आणि बांध: तपासणीआधी काय बघावं?

पत्रा_आणि_गन
छोटं फॅब्रिकेशन आणि रंगकाम आहे, सहा माणसं. २०० लिटरची दोन बॅरलं आहेत. एकात नवं थिनर (टोल्युइन आणि ॲसिटोनचं मिश्रण), दुसऱ्यात स्प्रे गन धुतलेलं घाण थिनर. निम्मं काम ऑइल पेंटचं, निम्मं पीयूचं (पॉलियुरेथेन रंग, ज्यात कडक करणारं हार्डनर मिसळावं लागतं). तपासणी जवळ आली आहे. बॅरलांभोवती गळलेलं अडवणारा बांध केवढा घालायचा? चिंध्या कशात टाकायच्या? घाण थिनर उघडं ठेवून उडू दिलं तर कचरा तेवढाच कमी होईल, ते चालतं का? आणि फवारताना एन-९५ मास्क पुरतो का?

मोजपट्टी
शेवटच्या दोन्ही प्रश्नांचं उत्तर 'नाही'. बाकीचं मास्कवाले सांगतीलच, मी बांधाचं बोलतो.

बऱ्याच ठिकाणी चालणारा हिशेब असा: सर्वांत मोठ्या भांड्याच्या ११० टक्के किंवा एकूण साठ्याच्या २५ टक्के, यातलं जे जास्त ते धरायचं. तुमच्याकडे पहिला आकडा २२० लिटर येतो, दुसरा १००. म्हणजे २२० लिटर मावायला हवं. तुमच्या भागातला नियम वेगळा असेल तर तोच धरा.

आता गंमत इथे आहे. दीड मीटर बाय दीड मीटरचा, १० सेंटीमीटर उंचीचा बांध कागदावर २२५ लिटरचा दिसतो. पण एक बॅरल गळलं तरी दुसरं आत उभंच असतं, आणि ते साधारण २६ लिटरची जागा खातं. उरले १९९. उंची १२ सेंटीमीटर केली की २७० मधून ३१ वजा जाऊन २३९ राहतात. ही वजाबाकी विसरल्यामुळे बरेच बांध तोकडे पडतात. बांधाला भोक नको, नळ तर नकोच. आणि साधं सिमेंट थिनर शोषतं, म्हणून आतून थिनरला टिकणारा लेप द्या किंवा सरळ पत्र्याचा ट्रे करून घ्या.

थिनर उडू देण्याबद्दल: तो कचरा कमी होत नाही, कामगारांच्या श्वासात आणि बाहेरच्या हवेत जातो. अनेक ठिकाणी ती बेकायदा विल्हेवाट धरली जाते. तपासणारा खरेदीची बिलं आणि कचरा उचलल्याच्या पावत्या शेजारी ठेवतो. १०० लिटर घेतलं, ४० गन धुवायला गेलं आणि पावती १० ची असेल, तर मधले ३० कुठे गेले हे तो विचारणारच. रंगात मिसळलेलं ६० लिटर उडणारच होतं, ते वेगळं लिहा.

कचरा खरंच कमी करायचा असेल तर घाण थिनर झाकून रात्रभर निवळू द्या. वरचं स्वच्छ थिनर गनच्या पहिल्या धुण्याला वापरा, नवं फक्त शेवटच्या हाताला. खालचा गाळ वेगळ्या डब्यात.

एसडीएस_वाचा_आधी
चिंध्यांचं सगळे एकाच वाक्यात उरकतात, पण त्या तीन प्रकारच्या असतात. नुसत्या थिनरच्या चिंध्या आपोआप पेटत नाहीत, त्यांची वाफ ठिणगीने पेटते. ऑइल पेंट किंवा जवसाच्या तेलाच्या चिंध्या मात्र स्वतःच तापतात. तेल वाळताना हवेतला ऑक्सिजन घेतं आणि उष्णता सोडतं. चिंधी पसरलेली असेल तर उष्णता निघून जाते, बोळा असेल तर आतच कोंडते. काही तासांनी, बहुधा वर्कशॉप बंद झाल्यावर, धूर निघतो. म्हणून झाकणाच्या लोखंडी डब्यात पाणी भरून त्यात बुडवा. तिसरा प्रकार मशीनच्या ग्रीस-ऑइलचा. त्या सहसा तापत नाहीत, पण या डब्यात नकोत.

मास्क: एन-९५ कण अडवतो, वाफ नाही. थिनरसाठी मास्कला सेंद्रिय वाफा शोषणारी कार्ट्रिज लागते (युरोपीय पद्धतीत तपकिरी पट्टा, अमेरिकन पद्धतीत काळा), फवारताना तिच्यावर कणांचा फिल्टरही. दाढी असेल तर कडेने वाफ आत येते. काम संपलं की कार्ट्रिज हवाबंद पिशवीत, नाहीतर ती खुंटीवर टांगल्या जागीच संपत जाते. पीयूच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. त्याचा वास धोक्याची पातळी ओलांडली तरी येईलच असं नाही, म्हणून 'वास आला की बदलू' हा हिशेब इथे फसतो. त्या फवारणीला बाहेरून हवा पुरवणारा मास्कच योग्य.

पातळ नायट्राइल हातमोज्यांतून ॲसिटोन जवळजवळ लगेच आरपार जातं. ब्युटिल ॲसिटोनला टिकतं, पण टोल्युइनला फारसं नाही, म्हणून या मिश्रणाला अनेक थरांचे लॅमिनेट हातमोजे घ्या. एसडीएसच्या (रसायनाच्या सुरक्षा माहितीपत्रकाच्या) ८व्या विभागात मोज्यांचा प्रकार असतो, पण 'योग्य मोजे वापरा' एवढंच लिहिलं असेल तर पुरवठादाराला पुन्हा विचारा.

बॅरलवाला_नाना
वरच्या पाण्याच्या डब्यात एक दुरुस्ती. हार्डनर लागलेली चिंधी त्यात टाकून झाकण घट्ट आवळलं तर आयसोसायनेट आणि पाणी मिळून कार्बन डायऑक्साइड तयार होतो. डबा फुगतो, फुटूही शकतो. झाकण नुसतं ठेवा, पट्टी आवळू नका. घाण थिनरच्या बॅरलातही हार्डनर आणि पाणी एकत्र जाऊ देऊ नका. उरलेलं पीयू उथळ ट्रेमध्ये पातळ पसरून कडक होऊ द्या. बादलीभर एकत्र ठेवलं तर तेच तापतं.

बॅरल काठोकाठ भरू नका, साधारण १० टक्के मोकळं ठेवा, उन्हात थिनर फुगतं. क्लोरीनवालं पेंट रिमूव्हर असेल तर त्याला वेगळा डबा, या बॅरलात एक मगही नको.

नवं थिनर काढताना स्थिर विजेची ठिणगी पडू नये म्हणून बॅरलाला अर्थिंग, आणि बॅरल ते लोखंडी डबा अशी जोडतार. क्लिप रंगावर लावली तर ती नसल्यात जमा. आधी घासून उघडं लोखंड काढा. प्लास्टिकच्या बादलीला जोडतार लावून उपयोग नाही. टोल्युइनचा फ्लॅश पॉइंट (ज्या तापमानापासून वाफ पेटू शकते) साधारण ४ अंश सेल्सिअस आहे, ॲसिटोनचा उणे २० च्या आसपास. म्हणजे नेहमीच्या तापमानाला दोन्हींची वाफ पेट घ्यायला तयारच असते.

पत्रा_आणि_गन
सर्वांचे आभार. अजून दोन गोष्टी. एग्झॉस्ट फॅन भिंतीत वर बसवलाय, तो पुरेल? आणि नव्या थिनरचं बॅरल रिकामं झालं की कापून त्याचीच धुण्याची टाकी करायचा विचार होता.

बॅरलवाला_नाना
थिनरची वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत पसरते. ओढ खालूनच हवी. साधी मोटर वाफेच्या वाटेत आली तर तीच ठिणगी देईल. मोटर प्रवाहाबाहेर ठेवा किंवा स्फोटरोधक घ्या.

बॅरल कापू नका. भरलेल्यापेक्षा 'रिकामं' बॅरल वाईट, कारण तळातल्या कपभर थिनरची वाफ आतल्या हवेत मिसळलेली असते. पाण्याने विसळलं तरी शिवणीत थिनर राहतं, आणि ग्राइंडर लावला की झाकण उडतं. बुच लावून पुरवठादाराला परत द्या, तारीख वहीत लिहा. टाकी पत्रा वाकवून करा, पत्रा तर तुमच्याकडे आहेच.