‘मल्टीबीम’ला मराठीत काय म्हणावं?

जुळेसोलापूरकर: मुलीच्या कॉलेजातल्या प्रदर्शनासाठी मराठी फलक लिहून देतोय. विषय : धातूच्या थ्रीडी प्रिंटिंगनं बनवलेला, मिलिमीटर लहरींचा छोटा ‘मल्टीबीम अँटेना’. घरी वाचून दाखवलं तर वडील म्हणाले, “म्हणजे टॉवेलचा माग?” त्यांचं काय चुकलं! यंत्रमागावर हयात गेली. त्यांना बीम म्हणजे ताण्याचं सूत गुंडाळलेला रूळ. टेरी टॉवेलच्या मागाला तसे दोन असतात : एक ताणलेला, दुसरा सैल सोडायचा, त्याचीच फुलं उठतात.

शब्दवेडा: मराठी विश्वकोशात अँटेनाला आकाशक आणि बीमला शलाका आहे. ‘बहुशलाका आकाशक’ लिहा.

रेडिओकाका: आकाशक नको. छपरावर चढून अँटेना फिरवणारी आमची पिढी अजून जिवंत आहे. शलाका देखणा शब्द, पण शलाका म्हणजे सळई, काजळाची काडी. तिला ठाम कड असते. बीम मध्यावर जोरकस आणि कडेला विरत जाणारा, बॅटरीच्या उजेडासारखा. म्हणून ‘झोत’. 60 गिगाहर्ट्‌झला लहर फक्त 5 मिलिमीटर, त्यामुळे तळहाताएवढ्या अँटेनातूनही अरुंद झोत निघतो. अरुंद झोत एकाच दिशेला पोचतो, म्हणून अनेक लागतात. ते ल्युनबर्ग भिंगातून मिळतात; हे उजेडाचं नव्हे, रेडिओ लहरी वळवणारं गोल भिंग. त्याच्या एका प्रकारात दोन पत्र्यांमध्ये कमी-जास्त उंचीच्या खुंट्या असतात. कडेच्या ज्या तोंडातून लहर सोडाल, त्याच्या बरोबर समोरून झोत बाहेर. तोंडं जितकी, झोत तितके.

जुळेसोलापूरकर: ‘बहुझोत’ म्हटलं की फवारणीचा पंप वाटतोय.

रेडिओकाका: मग सरळ ‘अनेक झोतांचा अँटेना’.

शब्दवेडा: आणि प्रिंटिंगला त्रिमिती छपाई?

खराद्या: छपाई म्हटलं की लोक शाई शोधतात. इथं लेसर धातूची भुकटी थरावर थर वितळवतो. ‘थरघडण’ म्हणा. आम्ही दोन अर्धी कोरून स्क्रूनं आवळायचो. सांधा नीट बसला नाही की लहर गळायची. थरघडणीत आख्खा अँटेना एकसंध निघतो, पण आतून खरबरीत. एवढ्या वारंवारतेला तांब्यातला प्रवाह वरच्या जेमतेम पाव मायक्रॉनमधून धावतो, त्याला तो खरबरीतपणा म्हणजे डोंगरदऱ्या. नंतर घासूनपुसून घ्यावंच लागतं.

जुळेसोलापूरकर: थरघडण घेतला. आता ‘साइड लोब’? कानाच्या पाळीशिवाय काही सुचेना.

खराद्या: नको तिकडं सांडलेला झोत आहे तो. ‘सांडझोत’ म्हण की बे.